पहिले दोनशे किलोमीटर: खान्देशातल्या नव्या सायकलस्वारांसाठी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे पाचला जळगावहून धुळ्याच्या दिशेने निघालात, तर पाळधी येईपर्यंत बोटं इतकी गारठतात की ब्रेक नीट दाबता येत नाही. तीच वाट दुपारी दोनला परत धरलीत की पाठ भाजून निघते. एका दिवसात दोन ऋतू अंगावर घ्यायचे असतात. मी पहिल्या वर्षी पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले जसेच्या तसे पाळले. ते चुकीचे नव्हते, पण त्यात घाट कसा चढायचा हे होतं, ऊन कसं काढायचं हे नव्हतं. आपल्याकडे दोनशे किलोमीटरमध्ये पाय क्वचितच हरतात. माणूस अडतो तो ऊन, टायर आणि थांब्यांमध्ये गेलेल्या वेळापाशी. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढते आहे. बँकेची नोकरी आणि घर सांभाळून सायकल चालवणाऱ्या बाईने लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

१. आधी वेळेचा हिशोब समजून घ्या

लांब पल्ल्याच्या ज्या राइडला आपण बीआरएम किंवा ब्रेव्हे म्हणतो, ती शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत, स्वतःचं सामान स्वतः वाहून, मागे मदतीची गाडी न ठेवता अंतर पूर्ण करायचं. ही पद्धत पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबची, आणि वेळा जगभर सारख्याच आहेत: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास, ६०० ला ४० तास. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका हंगामात हे चारही पूर्ण केले की ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. ते पुढचं. आत्ता फक्त साडेतेरा तास डोक्यात ठेवा.

ताशी २० च्या वेगाने २०० किलोमीटरला दहा तास लागतात. म्हणजे हातात साडेतीन तास उरतात. ऐकायला भरपूर वाटतात, आणि इथेच घात होतो. माझी पहिली ब्रेव्हे मी पस्तीस मिनिटांनी घालवली. सायकल चालवण्याचा वेग चांगला होता. पण शंभराव्या किलोमीटरला एका ढाब्यावर जेवायला बसलो, ऑर्डर यायला पाऊण तास लागला, आणि उठेपर्यंत दीड तास गेला होता. त्याआधी चहाचे तीन थांबे, प्रत्येकी वीस मिनिटं. घरी आल्यावर वहीत मांडून पाहिलं: एकूण थांबे चार तास दहा मिनिटं. पायांचा दोष नव्हता हे कागदावर दिसलं आणि मग फार हळहळले.

तेव्हापासून नियम केला आहे: मोठा थांबा एकच, अर्ध्या तासाचा. बाकीचे दहा मिनिटांचे, घड्याळ लावून.

मधल्या ठाण्यांनाही, ज्याला कंट्रोल म्हणतात, बंद होण्याची वेळ असते. शंभर किलोमीटरचा कंट्रोल सुटल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. तिथे एक तास हाताशी ठेवून पोहोचलात तर पुढचा दिवस निवांत जातो.

२. सायकल: आहे ती चालेल, पण अंगाला बसवून घ्या

पन्नास-साठ हजारांची सायकल घेतल्याशिवाय सुरू करता येत नाही, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. गिअरची साधी हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलच्या मधली) पुरते. एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, असेल तर जाड नक्षीचे टायर काढून गुळगुळीत टायर बसवा, तेवढ्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दोन वर्षं चालवा, मग ठरवा काय घ्यायचं ते.

पण सीटची उंची मात्र पहिल्याच दिवशी नीट करा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखायला लागला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. बदल करताना एका वेळी चार-पाच मिलिमीटरच, आणि आधीच्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवा.

पॅडची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे सांगायला लोक लाजतात, आणि मग नव्या माणसाची कातडी सोलवटते. शिवणीच्या जागी खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडलवरची पकड दर दहा मिनिटांनी बदला. तळहाताच्या कडेची नस दबते त्याने ते होतं.

३. टायर, ट्यूब आणि कापूस

खान्देशात पंक्चर दोन गोष्टींनी होतं. गावरस्त्यावर बाभळीचे काटे आणि सराटे. हायवेला मात्र कारण वेगळं असतं. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात, आणि त्यातली केसासारखी बारीक पोलादी तार आपल्या टायरमध्ये घुसते. ती वरून दिसत नाही. ट्यूब बदलली तरी ती आतच राहते आणि पाच किलोमीटरवर नवी ट्यूब फोडते.

एकदा एरंडोलच्या अलीकडे माझं असं तिसऱ्यांदा पंक्चर झालं. दोन्ही ट्यूब गेल्या होत्या. बाभळीखाली पंक्चरवाल्या बाबांची टपरी होती, तिथे चाक नेलं. त्यांनी टायर उलटा करून बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग ते उठले, रस्त्याच्या कडेला कापसाच्या ट्रॉलीतून सांडलेलं बोंड उचलून आणलं, त्यातली सरकी काढून टाकली आणि तो कापूस चिमटीत धरून टायरच्या आतून सावकाश फिरवायला लागले. एका जागी कापसाचा एक धागा अडकला. तिथे त्यांनी नखाने रबर दाबलं, पकडीने चिमटा घेतला, आणि जेमतेम तीन मिलिमीटरची काळपट तार माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, “काटा नई शे ताई, तार शे.”

तेव्हापासून पंक्चरच्या डबीत कापसाचा बोळा असतो. तुम्हीही ठेवा. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून कापसाने पुसायचाच, घाई कितीही असली तरी.

टायरच्या बाबतीत नवे लोक आणखी दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे व्हॉल्व्ह. आपल्या सायकलींना बऱ्याचदा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, ते त्याला बसत नाही. सुपारीएवढं पितळी ॲडॅप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा म्हणजे हरवणार नाही. दुसरं म्हणजे मापाची ट्यूब. ७०० च्या मापाची ट्यूब शहराबाहेर मिळेल असं धरूनच चालू नका. दोन जास्तीच्या ट्यूब, ठिगळांची पाकिटं, सोल्युशन, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप, एवढं सोबत हवंच. आणि घरी, टीव्ही बघता बघता, मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव दहा वेळा करा. मागचंच, कारण चेन असते आणि वेळ तिथेच लागतो.

४. अंतर वाढवत न्या: सरावाचे रस्ते

आठवड्याला आधीच्या मोठ्या राइडपेक्षा फार तर दहा-पंधरा टक्के वाढवायचं. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी. जळगावकरांसाठी माझा क्रम असा होता:

जळगाव–भुसावळ–जळगाव, साधारण पन्नास किलोमीटर. सपाट रस्ता आहे, मध्येच घरी परतता येतं.

एरंडोलमार्गे पद्मालय, येऊन-जाऊन सत्तर-ऐंशी. गणपतीचं दर्शन होतं, तळ्याकाठी सावली आहे, आणि शेवटचा टप्पा चढाचा असल्याने गिअर कसे वापरायचे ते कळतं.

भुसावळ-वरणगाववरून मुक्ताईनगर, शंभराच्या पुढे. कोथळीला मुक्ताईच्या देवळात टेका, आणि पायात दम असेल तर तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवलाही जाऊन या.

नेरी-पहूरवरून फर्दापूर, साधारण एकशेवीस. अजिंठा लेणीचा फाटा इथेच आहे आणि घाट त्याच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे घाट घ्यायचा की माघारी वळायचं हे तिथे पोहोचल्यावर पायांना विचारून ठरवता येतं.

शेवटी पारोळ्यावरून धुळे आणि परत, जवळपास एकशेनव्वद. हे एकदा झालं की ब्रेव्हे जमणार.

धुळेकरांना लळिंगचा चढ दाराशीच आहे, सोनगीर-नरडाणा-शिरपूर हा पल्लाही चांगला. चाळीसगावच्या लोकांनी कन्नडचा घाट सरावाला घ्यावा, पण पावसाळ्यात नको. २०२१ च्या पावसाळ्यात दरडी कोसळून तो बंद पडला होता. तोरणमाळ सुंदर आहे, पण समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. पहिल्या वर्षी तिकडे सायकल नेऊन हौस फिटते आणि गुडघे जातात.

वाऱ्याचाही विचार करा. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्यावर. जून-जुलैत जळगावहून धुळ्याकडे जाताना चढ नसतानाही चढावर असल्यासारखं वाटतं. तेव्हा जातानाच वाऱ्याच्या तोंडी जा, येताना तो पाठीशी राहील. उलट केलंत तर थकल्या अंगाने वारा कापत घरी यावं लागेल.

५. ऊन आणि पाणी

मोठ्या राइड नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्चपासून सकाळी दहाच्या आत घरी. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हौसेखातर शंभर काढायला निघणाऱ्याला थांबवा, तो मित्र असेल तर हट्टाने थांबवा.

तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. पण नुसतं पाणी पीत राहिलात तरी त्रास होतो. घामातून मीठ जातं, डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. दोनपैकी एका बाटलीत मीठ-साखर असलीच पाहिजे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. अर्धाच चमचा, जास्त नाही.

एक खूण पाठ करून ठेवा. कडक उन्हात अंगावर काटा यायला लागला, थंडी वाजल्यासारखं झालं, घाम थांबला किंवा बोलताना शब्द अडखळले, तर त्या क्षणी सायकल सोडून सावलीत बसायचं. मानेवर, काखेत पाणी मारायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. थोडं पुढे गाव आहे, तिथे बघू, असं म्हणायचं नाही.

पहाटेच्या थंडीसाठी महागडं जॅकेट लागत नाही. छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवा. ऊन वर आलं की काढून फेकून देण्याऐवजी घडी करून खिशात ठेवा, संध्याकाळी परत लागते. हातांना मात्र पूर्ण बोटांचे मोजे हवेत.

६. खाणं

आदल्या रात्री वरण-बट्टी खुशाल खा, फक्त तुपावर हात थोडा आखडता. राइडच्या मध्यात शेवभाजी नको. मला ती जिवापाड आवडते, पण त्या तर्रीवर शंभर किलोमीटर चालवून पाहिले आहेत आणि पुन्हा चालवणार नाही. दुपारच्या थांब्याला दही-भात, खिचडी किंवा पोळी आणि साधं वरण.

चालवताना तासाला एक ते दोन केळी एवढं खाणं पोटात जायला हवं, भूक असो-नसो. केळीच्या मुलखात राहतो आपण, रस्त्यात सहज मिळतात. त्याशिवाय दशम्या. दुधात मळलेली, गुळाची दशमी दिवसभर मऊ राहते आणि चार तुकडे करून खिशात ठेवली की एका हाताने खाता येते. बाजारातले एनर्जी जेल सरावात खाऊन पाहिलेले नसतील तर त्या दिवशी नको. ‘त्या दिवशी नवं काही नाही’ हा नियम चड्डीपासून चपातीपर्यंत सगळ्याला लागू आहे.

७. रस्ता आणि अंधार

चौपदरी हायवेला पांढऱ्या पट्टीच्या डावीकडून चालवा. तिथे सगळ्यात मोठी भीती मागच्या ट्रकची नाही, समोरून उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींची आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची आहे. कापसाच्या आणि उसाच्या दिवसांत संध्याकाळी सहानंतर रस्त्यात उभी ट्रॉली दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. पुढचा दिवा रस्ता दाखवणारा घ्या, फक्त लुकलुकणारा नको. मागे दोन दिवे लावा, एक बंद पडला तर दुसरा असतो. रिफ्लेक्टर जाकीट दिवसाही अंगावर राहू द्या.

पहाटे गावाच्या वेशीवर कुत्री मागे लागतात. जोरात पळवू नका. पेडल थांबवा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि दटावून “हाड” म्हणा. बहुतेक परततात. चावलंच, तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी लस घ्या, राइड तिथेच संपली असं समजा.

८. बायकांसाठी चार शब्द

पहाटे एकटी बाई हेल्मेट घालून दिसली की लोक थांबून विचारतात. “कथा चालनी व माय?” (कुठे चाललीस गं बाई?) या प्रश्नात बहुतेक वेळा काळजीच असते. मी खरं ठिकाण सांगते, पण एकटी आहे हे सांगत नाही, “मागून दोघी येताहेत” म्हणते. सुरुवातीचे सहा महिने सोबतीशिवाय अंधारात निघू नका. लाइव्ह लोकेशन घरी एकाला आणि बाहेर एकीला पाठवा. स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी कमी पिणं हा आपल्यातला सगळ्यात घातक शॉर्टकट आहे. पेट्रोलपंपांवर स्वच्छतागृह असतं, किल्ली ऑफिसात मागायची. आपल्या मार्गावरचे चांगले पंप सरावातच हेरून ठेवा. पाळीच्या दिवसांत चालवायचं की नाही हे फक्त तुमचं शरीर ठरवेल, गट नाही.

९. नोंदणी, कागदपत्रं आणि सामान

नोंदणी ऑनलाइन होते आणि मुदत काही दिवस आधी संपते, त्यामुळे हंगामाचं वेळापत्रक ऑक्टोबरातच बघून सुट्ट्या ठरवा. सोबत ठेवा:

- फोटो असलेलं ओळखपत्र, त्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर
- आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत
- सायकलच्या बिलाचा फोटो (चोरी झाली किंवा रेल्वेने न्यायची वेळ आली तर लागतो)
- ब्रेव्हे कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत
- रोख पाचशे-हजार, सुटे पैसे त्यात हवेत
- हेल्मेट, दिवे, जाकीट, पॉवर बँक
- पंक्चरची डबी (कापसासकट), ॲलन की, चेनची जोडकडी, दोन केबल टाय
- बँडेज, जंतुनाशक, नेहमीची औषधं

ब्रेव्हे कार्ड म्हणजे तुमच्या दिवसाचा पुरावा. प्रत्येक कंट्रोलला शिक्का, सही किंवा वेळ छापलेली पावती लागते. कुठे काय मागितलं आहे ते सुटण्याआधीच्या सूचनांमध्ये नीट ऐका. घामाने भिजून कार्डाचा लगदा झालेला मी पाहिला आहे.

१०. मध्येच सोडावं लागलं तर

निघण्यापूर्वीच परतीचा मार्ग ठरवून ठेवा. आपलं नशीब असं की रेल्वे जवळ आहे. सुरत मार्गावर धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. मुख्य मार्गावर चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. सायकल पार्सल ऑफिसात बुक करावी लागते, त्यासाठी गाडीच्या बऱ्याच आधी पोहोचा. हायवेवर अडचण आली तर १०३३, बाकी कुठेही ११२. आयोजकांना मात्र फोन करून सांगा की मी सोडतोय किंवा सोडतेय. न सांगता घरी गेलेल्या एकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत रस्ता धुंडाळला होता.

११. संपल्यावर

कार्ड जमा केलं, फोटो झाले की लगेच गाडीत बसून स्टिअरिंग हातात घेऊ नका. पहाटे तीनला उठलेला माणूस संध्याकाळी सातला जागा आहे असं स्वतःला वाटतं, पण बसल्या जागी डोळा लागतो. राइड दुसऱ्या गावी असेल तर मुक्काम करा, किंवा गाडी चालवायला घरून कुणाला तरी बोलावून ठेवा. आमच्याकडे हे काम माझा धाकटा दीर करतो. त्याला तारीख मी नोंदणी करायच्या आधी विचारते.